पंचनाम्यात न बसणारे नुकसान

दिवाळी सरताच पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई भरू लागते, रात्रभर नाटके रंगतात आणि हाती आलेल्या धानावर वर्षाचा हिशेब मांडला जातो. अलीकडे हा हिशेब वारंवार कोलमडतो आहे. २०२०च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाच्या विसर्गाने वैनगंगा फुगली आणि ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत गावे पाण्याखाली गेली. २०२२च्या जुलैत पुन्हा पूर आला, सिरोंच्याचा गोदावरीकाठही बुडाला. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत, वाघाची धास्ती असतानाही, तेंदूपत्ता तोडायला जंगलात जावेच लागते. नुकसान झाले की बांधीचा, भिंतीचा, बैलाचा पंचनामा होतो. उडालेली झोप किंवा आभाळ भरून येताच पोटात उठणारी भीती त्यात कुठे लिहिली जात नाही. त्या दुखण्यासाठी गावातच प्रशिक्षित माणूस हवा आणि त्याच्या पाठीशी तज्ज्ञ कायम हवा, असे आमचे म्हणणे आहे.

शहरातून डॉक्टर पाठवून हे काम भागणार नाही. देशात लाखभर लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता नाही आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत आहेत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता यांसारख्या आजारांच्या दहापैकी आठांहून अधिक रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात. सिरोंच्याहून ते ३०० किलोमीटरहून लांब. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा हक्क दिला, २०२२पासून ‘टेलि-मानस’ या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे. पण नेटवर्क नसलेल्या गावातल्या, माडियाच बोलणाऱ्या बाईला तो कितीसा उपयोगी पडणार? याउलट अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि गरजेपुरता मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी उभी केली. नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले.

अर्धवट शिकलेल्यांच्या हाती मन कसे सोपवायचे, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर गडचिरोलीनेच देऊन ठेवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या महिलांना नवजात बाळांची काळजी घ्यायला, जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलाही शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. त्या यशात प्रशिक्षणाइतकाच वाटा नियमित देखरेखीचा होता. दोन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्र आणि गटफोटो एवढ्यावर थांबणाऱ्या प्रशिक्षणाला मात्र ही शंका पुरेपूर लागू पडते. आत्महत्येचा विचार कसा ओळखावा, कोणाला तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे, उपचारासाठी पुजाऱ्याकडे जाणाऱ्या कुटुंबाला न दुखावता कसे बोलावे, हे खऱ्या प्रसंगांवर महिनोन्‌महिने चर्चा करूनच अंगी येते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्याचे धान वाहून गेले त्याला भरपाई हवी, समुपदेशन कशाला? भरपाई आधी हवी, याबद्दल वाद नाही. धरणाच्या विसर्गाचा इशारा वेळेत मिळण्याऐवजी ‘मन खंबीर करा’ असा उपदेश मिळणार असेल, तर ती क्रूर थट्टा ठरेल. शोक हा आजार नव्हे, हेही प्रशिक्षणाच्या पहिल्याच धड्यात असावे. पण नैराश्याने खचलेला माणूस भरपाईच्या कागदांसाठी तहसीलचे हेलपाटे घालू शकत नाही. त्याला उभे करणे हा त्याच्या हक्काच्या लढाईचाच भाग आहे.

उरतो प्रश्न काम कोण करणार हा. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक नोंदवही ठेवणे सोपे, पण पुरात त्यांचेही घर भिजते. दुसऱ्याचे दुःख ऐकणाऱ्याचे ऐकायला कोणी नसेल, तर तो लवकरच थकतो. म्हणून गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत गोंडी-माडिया जाणणारे वेगळे, पगारी कार्यकर्ते नेमावेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञाने दरमहा त्यांच्यासोबत बसावे. आणि प्रत्येक पुरानंतर शेताच्या पंचनाम्याबरोबर या कार्यकर्त्यांनीही घरोघरी जावे. ग्रामसभांनी हा आग्रह धरला, तर तो टाळणे प्रशासनाला अवघड जाईल. वाचकांनी त्यात आपला आवाज मिसळावा, ही विनंती.