भूक गेली, पण कशानं?

"भूकच लागत नाही," हे वाक्य जालन्याच्या आपल्या वस्त्यांत इतकं नेहमीचं झालं आहे, की ते ऐकून कोणी थांबत नाही. पित्त असेल, ऊन लागलं असेल, असं म्हणून आपण पुढे जातो. आम्हाला वाटतं, तिथंच थांबायला हवं.

कापूस वेचणारी बाई सकाळी कोरा चहा पिऊन निघते. रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करणारा तंबाखूवर वेळ मारून नेतो. तंबाखूनं भूक मरते, चहानं झोप उडते, रिकाम्या पोटी चिडचिड वाढते. घरात भांडण झालं की आपण म्हणतो, त्याचा स्वभावच तापट.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतून एकादशी-चतुर्थी गेली. पण सगळ्यांना वाढून उरेल ते खायचं, नाही उरलं तर पाणी पिऊन झोपायचं, हा बाईचा उपास काही सुटला नाही. त्यानं अंगातलं रक्त कमी होतं, थकवा येतो, मन कशात लागत नाही. घरचे म्हणतात, हिला कामाचा कंटाळा!

उलटंही घडतं. कर्ज, नापिकी, घरातला मृत्यू यानं आधी मन खचतं, मग जेवण तुटतं. कोणी भूक नसताना रात्री डबे उघडत बसतो. दोन आठवडे असंच चाललं, झोप गेली, कशातच रस उरला नाही, तर तो उदासीचा आजार असू शकतो. "मन घट्ट कर" म्हणून तो बरा होत नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीचा एक गरीब माणूस आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीच प्रवचनाला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितलं, धम्म नंतर सांगितला. आपण मात्र उपाशी माणसाला आधी उपदेश करतो.

दवाखान्यात गेल्यावर "अशक्तपणा आहे, सलाईन लावा" एवढंच सांगू नका. भूक कधीपासून गेली, झोप किती लागते, घरात काय घडलं, तेही सांगा. रक्त तपासून घ्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि कोणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या.