छायाचित्रस्पर्धांचा जमाखर्च

हौशी छायाचित्रकाराला उत्तेजन देणे हा हेतू प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकात नमूद असतो. प्रवेशशुल्क घेऊन भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय ‘सलोन’चा जमाखर्च मात्र कोणी मांडीत नाही. १९५० साली स्थापन झालेल्या ‘फियाप’ या महासंघाच्या पदव्यांसाठी ठराविक संख्येने छायाचित्रे निरनिराळ्या सलोनांत स्वीकृत व्हावी लागतात. साहजिकच पदवीच्छू माणूस वर्षानुवर्षे शुल्क भरीत राहतो. विजेत्याचे पदक बहुधा हरलेल्यांच्याच पैशातून घडते. काही नियमावल्यांत तर चित्र विनामोबदला वापरण्याचा हक्कही आयोजकांकडे जातो. छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कायद्याने दिलेले स्वामित्व असे एका सहीनिशी (आता सहीही लागत नाही) पोकळ होते. आणि चित्रात असतो कोण? सुरकुतलेला म्हातारा, वीटभट्टीवरची बाई. त्यांच्यासाठी या जमाखर्चात रकानाच नाही.

१९२६ साली जर्मनीतील ‘ए. आय. झेड.’ या सचित्र कामगार नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली ती कामगारांनीच आपले जीवन टिपावे म्हणून. त्यामागे कम्युनिस्ट प्रचार होता, हे खरेच. पण त्याच वर्षी कामगार-छायाचित्रकारांची संघटना आणि तिचे मासिक उभे राहिले. १९३३ मध्ये नाझी राजवटीने ती चळवळ मोडली. आपल्याकडील आयोजकांनी तेवढी झेप घेऊ नये. कष्टकऱ्यांना शुल्क माफ करावे आणि चित्राचे हक्क काढणाऱ्याकडेच ठेवावेत, एवढे तरी करावे.