सोबती मध्येच घर सोडतो तेव्हा

भाड्याचे घर निम्मे-निम्मे वाटून राहणारे दोन ज्येष्ठ शहागंजसारख्या जुन्या पेठेत आता अपूर्वाईचे राहिलेले नाहीत. बाजार आणि दवाखाना पायी गाठता येतो, शिवाय सोबतही मिळते. मग अकरा महिन्यांच्या करारातले जेमतेम पाच-सहा सरतात आणि एकाचा मुलगा त्यांना आपल्या गावी घेऊन जातो. जाणाऱ्याचे यात काही चुकत नाही. मात्र मागे राहणाऱ्याच्या प्रकृतीवर त्याचा भार पडतो.

भाडे दुप्पट झाले की काटकसर बहुधा औषधांपासून सुरू होते. रक्तदाबाची रोजची गोळी दिवसाआड घेतली जाते. वाढलेला रक्तदाब पुष्कळदा काहीच जाणवू देत नाही, आणि पक्षाघाताची वाट मोकळी होते. म्हणून गोळी कमी करू नका. अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. जनऔषधी केंद्रात अनेक औषधे स्वस्त मिळतात.

दुसरा धोका मधुमेहींना. एकट्यासाठी चूल पेटवण्याचा कंटाळा येतो, जेवण टळते, पण इन्सुलिन किंवा गोळी चालूच राहते. साखर उतरते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे आजवर सोबती ओळखत असे आणि साखरपाणी देत असे. आता ती नजर घरात नाही. तेव्हा एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्या, सकाळी ठरावीक वेळी कोणाचा तरी फोन येईल असे पाहा, औषधांची यादी दाराजवळ लावा. शेजाऱ्यास एवढे सांगून ठेवा: माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आता कागदपत्रे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. करार काढून तीन गोष्टी वाचा: सूचनेची मुदत, मुदतीआधी घर न सोडण्याची अट आणि अनामत रक्कम. दोघांच्या सह्या एकत्र असतील, तर मालक पूर्ण भाडे उरलेल्याकडे मागू शकतो. म्हणून सोबती जाण्यापूर्वीच तिघांनी बसून थकबाकी, वीजबिल आणि अनामतीतील वाटा कागदावर लिहून सह्या कराव्यात. नवा सोबती आणायचा असल्यास मालकाची लेखी संमती घेऊन करार नव्याने करावा. काही अडल्यास ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी मार्गदर्शन करते.

आईवडिलांना न्यायला येणाऱ्या मुलामुलींनो, महिनाभर आधी कळवा आणि जमल्यास नवा सोबती मिळेपर्यंत आपला वाटा देत राहा. ज्या हाताने तुमच्या वडिलांना रात्री साखरपाणी दिले, त्या हाताला अचानक रिकामे सोडू नये.