कुत्रे पाळण्याआधी हिशेब मांडा

पऱ्हाटीला बोंडे धरली, ज्वारी निसवली, की गावोगाव एक चौकशी सुरू होते : कोणाकडे चांगले पिल्लू आहे का? रानडुकरांनी एका रात्रीत अर्धे वावर लोळवलेले असते. रोह्यांचा कळप कपाशीचे शेंडे खुडून गेलेला असतो. जागलीला सालदार मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. मग पारावरचा कोणी जाणता सांगतो, कुत्रे ठेवा, फुकटचा राखणदार.

शेतकऱ्याच्या संदर्भात कोणी 'फुकट' म्हटले की आमचे कान उभे राहतात. घरचे बैल फुकट, घरचे शेणखत फुकट, घरच्या लक्ष्मीची निंदणी फुकट, असे धरूनच आजवर शेतमालाचे भाव काढले गेले. १९८० साली चाकणचा कांदा रस्त्यावर आला तेव्हापासून आपण सांगत आलो, की उत्पादनखर्च पुरा धरा. सरकारला जो हिशेब मागतो तो आपल्या धुऱ्यावरच्या कुत्र्याच्या बाबतीत आपण करायचा नाही, असे कसे चालेल?

करून पाहू. मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्याला दोन वेळच्या मिळून चार भाकरी लागतात. भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरले तर दिवसाला चारशे ग्रॅम, वर्षाला १४६ किलो. म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल ज्वारी. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा आधारभूत भाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता, त्या भावाने ही ज्वारी ५,४०० रुपयांची झाली. (बाजारात तो भाव पदरात पडतो का, हा वेगळ्या लेखाचा विषय.) नुसत्या भाकरीवर कुत्रे धड राहत नाही. ताक, दूध, कधी अंडे, कधी मटणाच्या दुकानातले तुकडे द्यावेच लागतात. न दिले तर ते शेजाऱ्याच्या कोंबड्यांवर आपली सोय लावून घेते आणि मग भावकीत भांडण. शिवाय हा खर्च एका वर्षाचा नाही. नीट सांभाळलेले कुत्रे दहा-बारा वर्षे जगते.

त्यातही मेख अशी, की राखण चार-पाच महिन्यांची आणि पोट बारा महिन्यांचे. ऑगस्टपासून शेवटच्या वेचणीपर्यंत कुत्र्याची किंमत असते. पऱ्हाट्या उपटल्या की त्याला कोणी विचारत नाही. ज्या गावांतून दिवाळीनंतर निम्मी घरे ऊसतोडीला जातात तिथे तर विचारायलाच नको. कुलूप लावून माणसे जातात, कुत्रे दारात बसून राहते. आठ दिवस वाट पाहते, मग इतरांत मिसळते. अशी पाच-सात कुत्री एकत्र आली की टोळी होते आणि ती टोळी शेळ्या फाडते. आपण ज्याला मोकाट कुत्रे म्हणून शिव्या घालतो ते पुष्कळदा आपल्यातल्याच कोणाचे तरी मागच्या हंगामातले राखणदार असते. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो हा : फेब्रुवारी ते जून याला भाकरी कोण घालणार? उत्तरात घरातल्या एका माणसाचे नाव आले नाही, तर पिल्लू आणू नये.

दुसरे, कुत्रे काय करू शकते याची खरी कल्पना हवी. कुत्रे भुंकते. माणसाला जागे करते. त्यापुढचे काम माणसाचे. मचाणावर माणूस असेल, हातात बॅटरी असेल, डबा बडवायला कोणी असेल, तर कुत्र्याने मोठा फरक पडतो. एकट्या कुत्र्याला डुकरांचा कळप जुमानत नाही. धाडसी कुत्रे अंगावर गेले तर नराच्या सुळ्याने त्याचे पोट फाटते आणि मुक्या जिवाचे हाल होतात. साखळीने बांधून रात्रभर रानात एकटे सोडलेले कुत्रे तर बिबट्याला वाढून ठेवलेले ताट आहे. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्यांच्या खाद्यात पहिला क्रमांक कुत्र्याचा निघाला. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात तो काही शोभेसाठी नाही. बिबट्याचा वावर असलेल्या शिवारात रात्री कुत्रे एकतर माणसाजवळ असावे किंवा बंद गोठ्यात.

कुत्री घालून डुक्कर मारण्याचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तोही काढून टाकावा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. पीक खाणारे डुक्कर सरकारचे आणि त्याला हात लावला की गुन्हेगार शेतकरी, हा न्याय आम्हाला मान्य नाही. त्याविरुद्ध बोलत राहू. पण त्यापायी कोर्टाच्या चकरा तुम्हाला माराव्या लागतील, कुत्र्याला नव्हे. आणि कुंपणाच्या तारेत घरचा वीजप्रवाह सोडण्याचा उद्योग तर कोणीच करू नये. त्या तारेला पहिल्यांदा चिकटते ते आपलेच कुत्रे, आणि दुसऱ्यांदा शेजाऱ्याचे पोर.

आता मुख्य गोष्ट. कुत्रे घरात आले की त्याच्याबरोबर पिसाळण्याची शक्यता घरात येते. हा रोग एकदा अंगात उघड झाला की माणूस वाचत नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडेही त्यावर उपाय नाही. उपाय आहे तो आधीचा, आणि तो अगदी साधा आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचायची, महिनाभराने पुन्हा एक, मग दर वर्षी न चुकता एक. एका एकराच्या एका फवारणीला जेवढ्याचे औषध लागते, त्याहून हा वर्षाचा खर्च जास्त नाही. बोंडअळीसाठी उधारीवर औषध आणणारा शेतकरी कुत्र्याच्या लशीला मात्र 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. ज्याला लस टोचणे जमणार नाही त्याने कुत्रे पाळू नये, इतके स्पष्ट आमचे मत आहे.

चावा झाल्यावर काय करायचे हे प्रत्येक घरातल्या बाईमाणसाला आणि शाळकरी पोरांना ठाऊक असले पाहिजे, कारण चावा पोरांनाही होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. पंधरा म्हणजे पंधरा, घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद, तेल, तंबाखू यांतले काहीही भरायचे नाही. बाबा-बुवाकडे उतरवायला न्यायचे नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या भीतीने अजून लोक दवाखाना टाळतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ अखेर बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा सुई घ्यावी लागते, ठरलेल्या तारखांना. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तोंडाला किंवा हाताला चावा असेल, तर लशीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. ते हक्काने मागावे. दोन सुया घेतल्या, बरे वाटले, म्हणून पुढच्या सोडू नयेत. चावल्यानंतर रोग उघड व्हायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. बरे वाटण्यावर विसंबून चालत नाही.

गोठ्याचेही सांगतो, कारण हे फारसे कोणी सांगत नाही. पिसाळलेले कुत्रे बैलाला किंवा गाईला चावले तर त्यांनाही हाच रोग होतो. जनावर लाळ गाळते, हंबरत राहते, गिळता येत नाही. आपल्याला वाटते घशात काही अडकले, आणि आपण तोंडात हात घालतो. हाताला पऱ्हाटीचे ओरखडे असतातच. असे जनावर दिसले की हात घालायचा नाही, पशुवैद्याला बोलवायचे. कुत्रे चावल्याचे डोळ्यांदेखत घडले असेल तर जनावरालाही लगेच लस देता येते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कुत्री आणली तर वर्षातून दोनदा पिल्ले होऊ शकतात, एका वेताला चार-सहा. ती वाटण्याइतके गाव मोठे नसते, म्हणून शस्त्रक्रिया करून घ्यावी. फवारणीच्या दिवसांत कुत्र्याला वावरात सोडू नये. ओल्या पऱ्हाटीतून फिरून ते अंग चाटते. औषधाचे रिकामे डबे, उंदरांसाठी ठेवलेले आमिष त्याच्या वाटेत नको. जंताचे औषध वेळच्या वेळी द्यावे, कापलेल्या जनावराची कच्ची आतडी-फुप्फुसे टाकू नयेत, कारण त्यातून होणारे जंत फिरून माणसाच्या यकृतात गाठी करतात. शहरातल्या कोणी हौस फिटल्यावर देऊ केलेला केसाळ अल्सेशियन घेऊ नये, आपल्या मे महिन्यात त्याचे हालच होतात. गावठी किंवा मराठवाड्याच्या सीमेवर मिळणारे कारवानी कुत्रे आपल्या हवेत टिकते. आणि आपले कुत्रे वाटसरूला चावले तर जबाबदारी मालकाची. नव्या न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे जनावराबाबत हलगर्जी केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

एवढा हिशेब मांडल्यावर ज्याला परवडेल त्याने खुशाल कुत्रे ठेवावे. चांगल्या कुत्र्यासारखा रात्रीचा सोबती नाही, हे जागल केलेल्या कोणालाही सांगायला नको. पण कुत्रे ठेवले म्हणून सरकारचे देणे फिटत नाही. जंगली जनावरांनी केलेल्या नुकसानीचा अर्ज करायचाच. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये असे नुकसान खरीप २०२६ पासून पीकविम्यात धरण्याचे जाहीर केले. ते कागदावर राहते की वावरात उतरते, हे आपल्यालाच पाहावे लागेल.

लशीचेही तसेच आहे. शेजारच्या गोव्यात कुत्र्यांना गावोगाव फिरून लस टोचली. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस मेला नाही आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. गोव्याला जमले ते आपल्या जिल्ह्याला का जमू नये? आपली मागणी दोन ओळींची आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यांना फुकट लस मिळावी, आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात माणसांची लस व सीरम बारा महिने शिल्लक असावे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाच्या कार्यकर्त्याने यादी आणावी : गावात पाळलेली कुत्री किती, त्यांतली टोचलेली किती, गेल्या वर्षभरात चावे किती झाले आणि त्यांतल्या किती जणांना सीरमसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले. यादी वहीच्या साध्या कागदावर चालेल, पण घरोघर फिरून केलेली असावी.