मूलपेशी, रसायन आणि आपला विवेक

अस्थिमज्जेतील पेशी टोचल्यास उंदराचा निकामी हृदयस्नायू नव्याने घडतो, असा दावा डॉ. पिएरो अनव्हर्सा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केला. जीर्ण हृद्रोगाने खचलेल्या रुग्णांना त्यातून मोठी आशा मिळाली. मात्र २००४ मध्येच अन्य प्रयोगशाळांना तसे फल आढळले नाही. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्डने अनव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. त्यांतील माहिती बनावट वा फेरफार केलेली होती.

म्हणून सारे पेशीसंशोधन खोटे ठरत नाही. जीर्ण हृदयदौर्बल्याच्या पाचशेहून अधिक रुग्णांवरील ‘ड्रीम-एचएफ’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण पेशी-उपचाराने घटले नाही. हृदयाघात व पक्षाघात मात्र कमी दिसले. अर्थात हा विषय अद्याप संशोधनाचा आहे, विक्रीचा नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही रक्तविकारादी मोजके विकार वगळता, मान्यताप्राप्त चाचणीबाहेरील असा वापर अनैतिक ठरविला आहे.

हे सर्व येथे मांडण्याचे कारण आपल्याच घरात आहे. ‘रसायन म्हणजेच मूलपेशी-चिकित्सा’ असे आपल्यातील काहीजण सांगू लागले आहेत. आम्हांस हे मान्य नाही. धातुपोषणाचा सिद्धान्त स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याला उसन्या शब्दाचे वलय कशाला हवे? चूर्णाच्या डबीवर ‘मूलपेशीवर्धक’ छापण्यापूर्वी औषधी दुकानदार व निर्मात्या बंधूंनी १९५४ चा औषधे व जादूई उपाय कायदा आठवावा. हृद्रोग बरा करण्याच्या जाहिरातीस त्यात बंदी आहे.

चक्रदत्तोक्त अर्जुनक्षीरपाक आपण अवश्य योजावा. परंतु रुग्णाची चालू आधुनिक औषधे परस्पर बंद करू नयेत. पायांवरील सूज, आडवे पडताच वाढणारा श्वास, दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढलेले वजन दिसताच रुग्णास हृदयरोगतज्ज्ञाकडे धाडावे. चिकित्सेपूर्वीची व नंतरची वजने, चालण्याची क्षमता आणि इकोचे अहवाल नोंदवहीत ठेवावेत. अपयशाचीही नोंद त्याच शाईने व्हावी.

पेशी-उपचारातील दाव्यांची शहानिशा अखेर त्याच शास्त्राच्या अभ्यासकांनी केली. आपल्या दाव्यांची कठोर तपासणीही प्रथम आपणच करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.