भुतं हवीत, मरण नको?

दिल्लीतल्या संपादकीय बैठकांत मला हमखास सुचवलं जातं : कोकणातली भुतं ठेवा, गरिबी जरा आवरा.

आवरू कशी? मुंजा म्हणजे सोडमुंजीआधी दगावलेला पोरगा. तो वजा केला की उरते पिंपळाची सळसळ. सुंदर आहे, पण गोष्ट नव्हे. नायजेरियाच्या आमोस टुटुओलांच्या 'द पाम-वाइन ड्रिंकर्ड'मध्ये (१९५२) कवटी भाड्यानं अवयव घेऊन देखणा पुरुष बनते. नायक आपलं मरण विकतो, भीती व्याजानं देतो. कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा! याला नुसता कल्पनाविलास म्हणणाऱ्यांनी एकदा सावकाराच्या ओट्यावर बसून यावं.

आणि अळवंतिणीच्या जागी 'विच' मी लिहिणार नाही. चेटकीण करणी करते. अळवंतीण बाळंतपणात गेलेली असते.