मी पाहिलेले पिक्चर आणि माझे मार्क

गुरुजींनी शाळेच्या टीव्हीवर आपल्याला तीन पिक्चर दाखवले. मी त्यांना १० पैकी मार्क देत आहे.

‘श्यामची आई’ (१९५३) हा आचार्य अत्रे यांनी काढला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यात रंग नाहीत म्हणून मागची पोरं चुळबुळ करत होती. माझे ८ मार्क. पोहायला घाबरतो म्हणून श्यामला मारलं, ते मला पटलं नाही.

‘तारे जमीन पर’ला (२००७) ७. ईशानची चित्रं झकास आहेत, पण पिक्चर लई लांब. मधेच भूक लागते.

‘एलिझाबेथ एकादशी’ला (२०१४) मात्र पैकीच्या पैकी! ही गोष्ट पंढरपूरची आहे. ज्ञानेशच्या वडिलांनी बनवलेल्या सायकलचं नाव एलिझाबेथ. वडील वारलेले आहेत. आई मशीनवर स्वेटर विणते. कर्ज थकतं आणि ते मशीन बँकवाले नेतात. मग सायकल विकायची वेळ येते. तेव्हा ही मुलं कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान लावतात. शेवट सांगत नाही.

आमच्या घरी सध्या शेळी विकायची बोलणी चालू आहेत. तिला रोज मीच चारतो. पण बोलणी सुरू झाली की मला म्हणतात, जा बाहेर खेळ. माझे मत असे आहे की विकायच्या आधी पोरांनाही विचारावे. मला मेथीच्या जुड्या बांधता येतात, बाजारात बसायची लाज वाटत नाही, आणि हिशोब तर अण्णांपेक्षा लवकर येतो. पालकसभेला अण्णा आले की मी त्यांना याच कागदापुढे उभं करणार आहे.